कृष्णाकाठाने सायकल

प्रश्न : मी ५२ वर्षांची आहे, रोज थोडी सायकल चालवते. हायवेवरच्या ट्रकची धास्ती वाटते. कराडहून सांगलीला नदीकाठच्या गावांतून जाता येईल का? कधी जावं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जरूर जा, फक्त एका दमात नको, दोन दिवस घ्या. कराडच्या प्रीतिसंगमापासून नदीच्या वाहत्या दिशेनेच जायचं असल्याने मोठे चढ नाहीत. बह्याचं पात्रातलं रामलिंग बेट, भिलवडीचा घाट, समोरच्या काठावरचं औदुंबर अशी ठिकाणं जोडत चला. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथे प्रवास संपवा.

महिना मात्र नीट निवडा. हिवाळ्यात हवा छान, पण तोच ऊसतोडीचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, मागे बहुधा दिवा नाही. अशा गाडीला ओलांडायला जाऊ नका; साइडपट्टीवर उतरून तिला जाऊ द्या. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी चाकाखाली गरकन फिरते आणि सायकल घसरते. म्हणून अंधाराआधी मुक्काम गाठाच. मला विचाराल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा उत्तम : पाऊस ओसरलेला, गाळप सुरू व्हायचंय, काठ हिरवागार. नदी ओलांडताना बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर सायकल घालू नका, वळसा पडला तरी मोठ्या पुलानेच जा.

टायर ३२ मिलिमीटरचे किंवा जाड असू द्या. परतीला सांगलीहून साताऱ्याला रेल्वे आहे. सायकल पार्सलने पाठवण्याची चौकशी स्टेशनवर आधीच करा.