जुना का गेला ते आधी सांग, मग नवा घे

गणपतीच्या आगमनाच्या गर्दीत, भर पावसात कॅमेरा बंद पडला म्हणून तोंड पाडून बसू नकोस. पण लगेच बोरा बाजारात पळूही नकोस. गणपती तोंडावर आले की दुकानदाराला गिऱ्हाइकाची घाई चेहऱ्यावर दिसते, आणि घाईतल्या गिऱ्हाइकाला तो जे संपवायचंय तेच काढून दाखवतो. तुझ्या या मामाने आयुष्यभर गिरगाव-दादरच्या हॉलमध्ये लग्नं शूट केली. व्हीएचएसच्या कॅसेटपासून मिनी डीव्हीपर्यंत आणि पुढे कार्डापर्यंत सगळं हाताळलं. म्हणून चार गोष्टी ऐक.

कॅमेरा गेला तरी शूटिंग गेलं असं समजू नकोस. बॅटरी काढ, कार्ड काढ, आणि ‘बघू या चालू होतोय का’ म्हणून बटण दाबू नकोस. आत पाणी असताना वीज सोडली की थोडा बिघडलेला कॅमेरा पुरता बिघडतो. चाळीतला प्रत्येक जण तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगेल. ठेवू नकोस, तांदळाची भुकटी फटींत जाऊन बसते. सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि कारागिराकडे ने. कार्ड फॉरमॅट करायचं नाही, त्यावर नवीन काही घ्यायचं नाही. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर फाइल नीट बंद होत नाही आणि कॉम्प्युटर ती उघडत नाही, पण चित्र बऱ्याचदा आत असतंच. कॅमेरा दुरुस्त होऊन आला की तेच कार्ड त्यात घालून बघ. बरेच कॅमेरे अर्धवट फाइल स्वतः सांधतात. हँडिकॅम एव्हीसीएचडीत घेत असशील तर सुट्या फाइली उचलू नकोस, अख्खा फोल्डर जसाच्या तसा कॉपी कर.

आता मुद्द्याचं. दुरुस्तीवाल्याला खर्च विचारायच्या आधी कारण विचार, कारण नवा कॅमेरा त्यावरच ठरतो. पाण्याने गेला असेल तर महागडा घेऊन उपयोग नाही, तोही भिजेल. तेव्हा रेनकव्हरचे पैसे आधी बाजूला काढ. तापून गेला असेल तर जात बदल. छोट्या अंगाचा मिररलेस फोरकेमध्ये तासभर चालवला, तोही ऑक्टोबरच्या उन्हात, की तो बऱ्याचदा तापून बंद होतो. स्क्रीन गेली असेल तर तुझी सवय बघ: स्वतःकडे वळवायची, मिटायची, परत वळवायची. बिजागरीतली पट्टीसारखी वायर त्यानेच तुटते. माइकचं भोक सैल झालं असेल तर पुढच्या कॅमेऱ्याला पहिल्या दिवसापासून वायरीचा एक वळसा हँडलला बांधत जा, म्हणजे गर्दीत कोणी ओढली तरी ताण भोकावर येत नाही.

कुठल्या जातीचा घ्यावा, यावर पोरं तासन्‌तास भांडतात. माझं मत जुनाट वाटेल. मिरवणूक शूट करायची तर हँडिकॅमच. चिंचपोकळीच्या पुलाखाली चिंतामणीचं आगमन असतं तेव्हा तू मूर्तीपाशी पोचणार नाहीस. कुठल्या तरी कठड्याला चिकटून उभी राहशील, आणि तिथून मूर्तीचे डोळे हवे असतील तर वीसपट ऑप्टिकल झूमला पर्याय नाही. खोक्यावर मोठ्या आकड्यात लिहिलेला डिजिटल झूम विसरून जा, तो चित्र नुसतं ताणतो. शिवाय जुने बरेच फोटोचे कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना व्हिडिओ थांबवतात. कारण गमतीचं आहे: युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्यावर जास्त जकात होती, म्हणून तिथे तो ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरू नये अशी ही सोय. आणि त्यापायी लालबागमध्ये ऐन गजरात आपला कॅमेरा थांबणार!

हँडिकॅमची खोडही सांगतो. आतला सेन्सर लहान, त्यामुळे मंडपाच्या झगमगाटात तो राजा आणि चाळीच्या अंधाऱ्या जिन्यात आंधळा. तू पानसुपारीच्या गप्पा, मूर्तीच्या कारखान्यातलं रंगकाम, घरातल्या गौरी असंच जास्त करणार असशील तर एक इंची सेन्सरचा छोटा कॅमेरा घे, किंवा सरळ फोन वापर आणि पैसे माइकवर घाल. शिवाय कंपन्या आता नवे हँडिकॅम फारसे काढत नाहीत. म्हणून घेण्याआधी त्याची बॅटरी पुढची काही वर्षं मिळेल ना, हे पक्कं विचार.

आवाजाचं मात्र नीट ऐक, कारण इथे सगळे मार खातात. धुरकट चित्र लोक चालवून घेतात, फाटलेला आवाज कोणी दहा सेकंदही ऐकत नाही. कॅमेरा हातात घेतला की तीन गोष्टी शोध: बाहेरच्या माइकचं भोक, हेडफोनचं भोक, आणि आवाज हाताने कमी-जास्त करायची सोय. तिसरी नसेल तर परत ठेव. ऑटोवर काय होतं? ढोल थांबतात, कॅमेऱ्याला शांतता वाटते, तो स्वतःच आवाज वर ओढतो. तेवढ्यात ताशाची पहिली काडी पडते आणि आवाज फाटतो. एकदा फाटलेला डिजिटल आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरने पूर्वीसारखा होत नाही. म्हणून पथक अगदी जोरात वाजत असताना आवाजाची पट्टी उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं लावून ठेव आणि मग हात लावू नकोस. बेंजो पार्टीच्या गाडीपुढे उभी राहणार असशील तर त्याहून खाली. वर बोलायचं असेल तर कॉलरचा माइक वेगळा.

अमेरिकेतला आतेभाऊ ‘येताना आणतो, स्वस्त पडेल’ म्हणेल. आपली वीज ५० हर्ट्‌झची, तिकडची ६०. आपल्या दिव्यांखाली २५ किंवा ५० फ्रेम आणि पन्नासांश सेकंदाचं शटर लागतं, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. काही हँडिकॅम ज्या देशासाठी बनले तिथल्याच फ्रेमवर अडकलेले असतात, मेनूत बदलता येत नाहीत. शिवाय वॉरंटी बहुतेक वेळा त्याच देशापुरती. आतेभावाला चॉकलेटं आणायला सांग.

जुना घेणार असशील तर दिवसा जा. मुंबईची हवा दमट आणि चौपाटीकडची खारट, त्यामुळे काचेत बुरशी धरते. भिंगात तिरका टॉर्च मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर कितीही स्वस्त असला तरी नको. भिंगावर झाकण ठेवून मिनिटभर रेकॉर्ड कर आणि टीव्हीवर बघ, बिघडलेले ठिपके पांढरे चमकतात. झूम पूर्ण आत-बाहेर करून आवाज ऐक. गुलाल गेलेला असेल तर करकरतो.

आणि घेतल्याबरोबर मोठ्या कामाला नेऊ नकोस. दादरला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे त्या फाळक्यांनी १९१२ साली लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला, तो थेट ‘राजा हरिश्चंद्र’वर नाही लावला. आधी घरी वाटाण्याचं रोप वाढताना थोडं थोडं टिपून एक छोटी फिल्म केली. यंत्र हाताखाली आलं आणि ती फिल्म दाखवून भांडवलही उभं राहिलं. मग १९१३ च्या मे महिन्यात गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी त्यांचा सिनेमा बघितला. तू शनिवारी दादरच्या फुलबाजारात पहाटे जा. अंधार, उजेड, आरडाओरडा, ओलावा सगळं एका जागी मिळतं. तिथलं घरी येऊन हेडफोन लावून बघ. पटलं नाही तर बदलून घ्यायला वेळ असतो. म्हणून किती दिवसांत परत घेतात ते बिलावर लिहून घे.

सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नकोस. शंभर मेगाबिटवर फोरके घेतलंस तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ चं कार्ड दीड तासही पुरत नाही. व्ही-३० लिहिलेली कार्डं घे, तीही ओळखीच्या दुकानातून, नकली फार आहेत. लालबागचा राजा अनंत चतुर्दशीला सकाळी निघतो आणि चौपाटीला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. तेव्हा रेकॉर्डिंग चालू असताना पॉवर बँकेवर चार्ज होणारा कॅमेरा असेल तर बॅटऱ्यांवरचा खर्च वाचतो.

एवढं सगळं गणपतीआधी जमत नसेल तर विसर्जनापुरता भाड्याने घे. अनामत देताना कॅमेऱ्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेव, सिरियल नंबरासकट. खरेदी दिवाळीनंतर. तेव्हा लोक जुने विकायला काढतात आणि दुकानदारही बसून बोलतो.