परिचर्या आणि सार्वजनिक आरोग्य : संशोधनातील सहकार्य

रोग्याजवळ बसून जे दिसते ते परिचारिकेस ठाऊक असते. रोग समाजात कसा पसरतो हे सार्वजनिक आरोग्यशास्त्र सांगते. या दोन प्रकारच्या ज्ञानांची एकाच प्रश्नावर सांगड घातली असता काय निष्पन्न होते, याचे उत्तम उदाहरण मद्रास शहरातील क्षयरोगविषयक संशोधनात आढळते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांच्या सहकार्याने १९५६ साली तेथे क्षयरोग रासायनिक उपचार केंद्र स्थापन झाले. क्षयाच्या रोग्यास सॅनेटोरियममध्येच ठेवले पाहिजे, असा तेव्हा सर्वमान्य समज होता. परंतु रोगी अगणित आणि खाटा थोड्या. नवी औषधे घरीच दिली तर गुण येईल काय? हे पाहण्यासाठी १९३ रोगी, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, दोन गटांत विभागले गेले. औषधे दोहोंना तीच, आयसोनियाझिड व पॅस, आणि मुदतही तीच, एक वर्षाची. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला, दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरी, बेताच्या अन्नावर.

सॅनेटोरियममध्ये औषध परिचारिकेच्या देखत घेतले जाते. घरी नेलेले औषध पोटात जाते की फळीवर पडून राहते, हे कसे कळावे? खरे पाहता प्रयोगाचे सारे बळ या एका गोष्टीवर अवलंबून होते. पूर्वसूचना न देता घरी जाणे, उरलेले औषध मोजणे आणि लघवीचा नमुना आणणे, ही कामे त्यासाठी योजण्यात आली. पॅस घेतलेल्या माणसाच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकताच तिला जांभळट रंग येतो, त्यामुळे परीक्षा सोपी होती. औषध का चुकले, हे मात्र परीक्षानळी सांगत नाही. पॅसने मळमळते, कोणाची कामावर जाण्याची वेळ गैरसोयीची असते, कोणी शेजाऱ्यांपासून आजार लपवीत असतो. ही कारणे उंबरठा ओलांडणाऱ्या परिचारिकेपाशी किंवा आरोग्यसेविकेपाशीच उघड होतात.

दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळजवळ सारखे निघाले. १९५९ साली ते प्रसिद्ध झाले आणि घरगुती उपचारांस शास्त्रीय आधार मिळाला.

असे कार्य दोन्ही शास्त्रांच्या अध्यापकांनी आरंभापासून एकत्र केले पाहिजे. आपल्याकडे त्यांची वाढ मात्र वेगवेगळ्या आवारांत झाली. कलकत्त्याची अखिल भारतीय स्वास्थ्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ ची, तर दिल्ली व वेल्लोर येथील परिचर्येचे पदवी शिक्षण १९४६ चे. पुष्कळदा प्रश्नपत्रिका छापून झाल्यावर ती भरून आणण्यापुरतीच परिचारिकेची आठवण होते! तत्पूर्वीच परिचर्येच्या अध्यापिकेने संख्याशास्त्रज्ञाशेजारी बसून कोणती गोष्ट विचारता येते, कोणत्या वेळी विचारता येते आणि कोणते उत्तर संकोचामुळे खोटे येते, हे सांगावे. ती पत्रिका दहा-वीस घरांत पडताळून पाहावी. आणि निबंधावर तिचेही नाव असावे.

या सहकार्याला धीरही लागतो. घरी राहिलेल्या रोग्यांपासून कुटुंबीयांना अधिक बाधा होते काय, हा मद्रासच्या प्रयोगातील सर्वांत नाजूक प्रश्न होता. त्यासाठी त्याच घरांतील माणसांची पाच वर्षे वारंवार तपासणी करण्यात आली. सॅनेटोरियममध्ये गेलेल्या रोग्यांच्या कुटुंबीयांपेक्षा त्यांच्यात क्षयाचे प्रमाण अधिक नाही, असा निष्कर्ष १९६६ साली प्रसिद्ध झाला.