‘इक्विपमेंट’ला ‘एस’ लावायचा की नाही?

प्रश्न : तारापूर एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यांसाठी आम्ही बोईसरला साठ्याचे इंग्रजी अहवाल बनवणारा प्रोग्राम लिहितो. तो ‘इक्विपमेंट्स’ छापतो. गणनीय नाम प्रोग्रामने ओळखावं कसं?

उत्तर : स्पेलिंगवरून ते कळत नाही. ‘मशीन’ मोजता येतं, ‘मशिनरी’ नाही. म्हणून तयार शब्दकोश हवा. वर्डनेट या इंग्रजी शब्दकोशात नाम गणनीय की अगणनीय ही नोंदच नसते, तिथे वेळ घालवू नका. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा स्पेशलिस्ट लेक्सिकन मोफत मिळतो. त्यात अगणनीय नामांवर तशी खूण असते. औषधं-रसायनांचे शब्दही भरपूर, म्हणून तुम्हाला मी तोच सुचवेन.

यादीत नसलेल्या शब्दासाठी मोठा मजकूरसंग्रह चाळा : त्याच्याआधी ‘मेनी’ येतं की ‘मच’, अनेकवचन कितीदा दिसतं. टिमथी बाल्डविन आणि फ्रान्सिस बाँड यांनी २००३ मध्ये अशाच खुणांवरून संगणकाला हे वर्गीकरण शिकवलं.

खरी कसोटी ‘ॲसिड’सारख्या शब्दांची. टँकरमधलं ॲसिड अगणनीय, पण गोदामातल्या निरनिराळ्या प्रकारांना ‘ॲसिड्स’ म्हणतात. तेव्हा शब्दावर कायमचा शिक्का मारू नका, वाक्यागणिक ठरवा. तुमच्याकडे तर एककाचा रकानाही असेल. तिथे लिटर किंवा किलो दिसलं, की पदार्थाचं नाव एकवचनीच ठेवा.