कुंडीतील ग्लान कुमारी : निदान व उपचार

वैद्यांच्या दवाखान्यात वा औषधालयाच्या ओट्यावर कुमारीची, म्हणजे कोरफडीची, एखादी कुंडी बहुधा असतेच. दाहावर लावण्यास ताजा गर आणि भावना देण्यास ताजा स्वरस हाताशी असावा, हा त्यामागील हेतू. परंतु वर्षा ऋतूच्या अखेरीस यांपैकी कित्येक कुंड्या मरणोन्मुख झालेल्या आम्हांस आढळतात.

पाने लोळू लागली की झाड तहानलेले आहे असे समजून पाणी वाढविले जाते. निदान चुकते ते येथेच. पाने पातळ, सुरकुतलेली, परंतु दाबून पाहता चिवट असतील आणि मातीही कोरडी असेल, तर तो शोष होय. भरपूर पाणी मिळताच काही दिवसांत ती पुन्हा मांसल होतात. याउलट पाने पिवळट-तपकिरी, लिबलिबीत व बुंध्याशी दुर्गंधी, ही मूळ कुजल्याची लक्षणे. मात्र कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत, त्यामुळे ओल्या मातीतही पाने सुरकुततात! म्हणून केवळ पानांवर विसंबू नये. बोटभर खोल माती चाचपावी. शंका उरल्यास झाड उपटून मुळे पाहावीत. निरोगी मूळ फिकट व टणक असते. कुजलेले काळे पडते आणि ओढताच त्याची साल निसटते.

कुमारी ही मूळची अरबस्तानच्या रुक्ष, जांगल देशातील वनस्पती. ती पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडते व पाणी पानांत साठवते. सतत ओल्या मातीत तिच्या मुळांस हवा मिळत नाही. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात वृक्षांच्या व्याधींचाही वातादि दोषांनुसार विचार आहे, हे येथे सहज स्मरते.

उपचारात निदानपरिवर्जन प्रथम. जुनी माती झटकून टाकावी. कुजलेली मुळे व पाने स्वच्छ, धारदार सुरीने निरोगी भाग लागेपर्यंत कापावीत आणि झाड सावलीत, हवेशीर जागी ४ ते ७ दिवस तसेच ठेवावे. छेद कोरडे पडल्यावाचून लावण्याची घाई करू नये. नंतर तळाशी छिद्र असलेल्या मातीच्या कुंडीत माती, जाड वाळू व विटांचा चुरा समभाग घेऊन लावावे. पहिला आठवडा पाणी देऊ नये. पुढेही माती पूर्ण सुकल्यावरच द्यावे. प्रारंभी कोवळे ऊन पुरे. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली नव्हे, पागोळ्यांपासून दूर ठेवावी.

बुंधाच कुजला असल्यास भोवतालची निरोगी पिल्ले वेगळी करून लावावीत. पान खोचून कोरफड सहसा रुजत नाही, ते कुजूनच जाते.

रुग्ण झाडाचे पान औषधार्थ घेऊ नये. बुरशीनाशक घातलेल्या झाडाचे तर मुळीच नाही. मध्यातून नवी, ताठ पाने येऊन ती पुरती वाढल्यावरच बाहेरचे पक्व पान कापावे, आणि बाह्योपचारासाठी ते उभे धरून त्यातील पिवळा चीक निथळू द्यावा.