यकृताकडे जाणाऱ्या दोन वाटा

पनवेलहून रोह्याकडे गाडीने निघालात की पेणच्या अलीकडे जिते नावाचे लहानसे स्टेशन लागते. हेटवणे धरणाचे पाणी जिते येथील जलशुद्धीकरण केंद्रात येते आणि शुद्ध होऊन मगच नवी मुंबईकडे जाते. धरणातले पाणी तसेच घरोघरी सोडले तर काय होईल, हे सांगायला नकोच!

आपल्या पोटातही अशीच सोय आहे. ती समजून घेण्यासाठी डुकराचे उदाहरण घेऊ. डुक्कर आपल्यासारखेच मिश्राहारी आहे आणि त्याच्या पोटातील रक्तवाहिन्यांची मांडणी पुष्कळशी आपल्यासारखी आहे.

हृदयातून निघालेली महारोहिणी कण्याला लागून पोटात येते. तेथे पचनाच्या अवयवांसाठी तिला तीन मोठे फाटे फुटतात. पहिला जठर, प्लीहा आणि यकृत यांना रक्त पुरवतो. दुसरा लहान आतड्याला व मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागाला आणि तिसरा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला पुरवतो.

आता परतीचा प्रवास पाहा. हातापायांतले रक्त नीलांमधून हृदयाकडे परत जाते. आतड्यांतले रक्त मात्र आधी वेगळ्या वाटेने जाते. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांच्याकडून येणाऱ्या नीला एकत्र मिळून एक जाड नीला तयार होते. तिला प्रवेशिका नीला म्हणतात. डॉक्टर तिला पोर्टल व्हेन म्हणतात. ही नीला यकृतात शिरते आणि तेथे तिला पुन्हा बारीक बारीक फाटे फुटतात. तिचा आरंभ केशवाहिन्यांत आणि शेवटही तशाच सूक्ष्म वाहिन्यांत!

म्हणजे यकृताकडे रक्त दोन वाटांनी येते. माणसात सुमारे तीन-चतुर्थांश रक्त प्रवेशिका नीलेतून येते. त्यात पचलेले अन्न असते, तसेच आतड्यांतून शोषले गेलेले काही अपायकारक पदार्थही असतात. उरलेले रक्त यकृताच्या रोहिणीतून येते व ते प्राणवायूने समृद्ध असते. यकृतात दोन्ही रक्ते मिसळतात. यकृतातील पेशी जादा साखर साठवतात, विषारी द्रव्ये निकामी करतात आणि मग ते रक्त महानीलेतून हृदयाकडे जाते.

डुकराच्या यकृताचे एक वैशिष्ट्य आहे. ते असंख्य छोट्या षट्कोनी खंडिकांचे बनलेले असते आणि प्रत्येक खंडिकेभोवती संयोजी ऊतींचे स्पष्ट कुंपण असते. त्यामुळे त्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. माणसाच्या यकृतात हे कुंपण इतके ठळक नसते.

ही वाट तुंबली तर? दीर्घकाळच्या मद्यपानाने किंवा काविळीच्या काही विषाणूंमुळे यकृत कठीण होते. मग प्रवेशिका नीलेतील दाब वाढतो. अडलेले रक्त आडवाटा शोधते व अन्ननलिकेच्या खालच्या भागातील नीला फुगतात. त्यांपैकी एखादी फुटली तर रक्ताची उलटी होऊन जीव धोक्यात येतो.

यकृत पार निकामी झाले की प्रत्यारोपणाखेरीज फारसा उपाय उरत नाही आणि मानवी यकृते पुरेशी मिळत नाहीत. मार्च २०२४ मध्ये चीनमधील शीआन येथे शल्यचिकित्सकांनी जनुकांत बदल केलेल्या डुकराचे यकृत एका मेंदूमृत व्यक्तीच्या रक्तवाहिन्यांना जोडले. त्याने १० दिवस काम केले आणि पित्तही स्रवले. रक्तवाहिन्यांची मांडणी बारकाईने जाणल्याशिवाय अशी जोडणी शक्यच नव्हती.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. छातीत कळ आलेल्या हृदयरोग्याला एक विशिष्ट गोळी गिळायला न सांगता जिभेखाली ठेवायला का सांगतात? तोंडातले रक्त प्रवेशिका नीलेतून जाते का, याचा विचार करा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.