क्रमवारी पाहून रग्बीचा निकाल सांगता येतो का?



मी गणित शिकवतो आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राहून रग्बी पाहतो. दोन्ही ठिकाणी मला एकच प्रश्न विचारला जातो: "सर, क्रमवारीत वर असलेला संघच जिंकणार ना?" याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. पण वही-पेन्सिल घेऊन बसले तर 'किती शक्यता' हे मात्र सांगता येते. या लेखात तेच करू. बेरीज, वजाबाकी आणि शेकडेवारी एवढे गणित पुरेल.

आधी एक साधी तपासणी

रग्बीची जागतिक क्रमवारी २००३ मध्ये, त्या वर्षीच्या विश्वचषकाच्या तोंडावर सुरू झाली. तेव्हापासून २०२३ पर्यंत पुरुषांचे सहा विश्वचषक झाले. प्रत्येक स्पर्धा सुरू होताना पहिल्या क्रमांकावर कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले, ते पाहा.

२००३ : इंग्लंड. विजेते.
२००७ : न्यूझीलंड. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून १८–२० ने पराभव.
२०११ : न्यूझीलंड. विजेते.
२०१५ : न्यूझीलंड. विजेते.
२०१९ : आयर्लंड. उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडकडून १४–४६ ने पराभव.
२०२३ : आयर्लंड. उपांत्यपूर्व फेरीत न्यूझीलंडकडून २४–२८ ने पराभव.

सहापैकी तीन. कोणी म्हणेल, "म्हणजे नाणेफेकच की!" तसे नाही. या प्रत्येक स्पर्धेत वीस संघ होते. डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली असती तर विजेता सापडण्याची शक्यता वीसात एक. क्रमवारीने तो सहात तीनदा दाखवला. म्हणजे क्रमवारीत माहिती नक्की आहे, पण खात्री नाही. आता ही माहिती कशी मोजायची ते पाहू.

क्रमांक नव्हे, मानांक पाहा

वर्तमानपत्रात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक छापून येतात. त्यांच्यामागे प्रत्येक संघाचा एक आकडा असतो, साधारणपणे शून्य ते शंभर या पट्टीवरचा. त्याला आपण मानांक म्हणू, म्हणजे सामन्यातल्या गुणांशी गोंधळ होणार नाही. दोन शेजारच्या संघांत कधी मानांकाचा फरक दशांशाचा असतो, कधी दोन-तीनचा. वर्गात पहिल्या आलेल्या मुलाला ९१ आणि दुसऱ्याला ९०.८ गुण असतील, तर पुढच्या परीक्षेबद्दल 'पहिला' या शब्दावरून फारसे काही कळत नाही. म्हणून अंदाज बांधताना क्रमांक बाजूला ठेवा आणि मानांकातला फरक घ्या.

देवाणघेवाणीचे नियम

हा मानांक कोणी पंच बसून देत नाही. दोन संघ खेळले की एकाच्या खात्यातून जेवढे जाते, तेवढेच दुसऱ्याच्या खात्यात जमा होते. वर सांगितलेल्या सहा विश्वचषकांच्या काळात नियम असे होते :

१. संघ घरच्या मैदानावर खेळत असेल तर हिशेबापुरते त्याच्या मानांकात ३ मिळवायचे. तटस्थ मैदानावर काही मिळवायचे नाही.
२. मग दोघांतला फरक काढायचा. तो १० पेक्षा जास्त आला तरी १० च धरायचा.
३. वरचढ संघ जिंकला तर त्याला मिळतात १ वजा फरकाचा दहावा भाग. दुबळा जिंकला तर त्याला १ अधिक फरकाचा दहावा भाग. बरोबरी झाली तर दुबळ्याला फक्त फरकाचा दहावा भाग.
४. विजय १५ पेक्षा जास्त गुणांनी असेल तर आलेला आकडा दीडपट करायचा. सामना विश्वचषकातला असेल तर दुप्पट.

उदाहरण घेऊ. 'क' संघाचा मानांक ८१, 'ख' चा ७७. सामना तटस्थ मैदानावर आहे. फरक ४. 'क' जिंकला तर त्याला ०.६ मिळतात. 'ख' जिंकला तर त्याला १.४. बरोबरी झाली तर 'ख' ला ०.४. अपेक्षित कामाला थोडे बक्षीस, अनपेक्षित कामाला मोठे.

नियमात दडलेली शक्यता

आता खरी गंमत. 'क' आणि 'ख' चे मानांक अगदी बरोबर आहेत असे समजा. मग ते दहा वेळा खेळले तरी शेवटी दोघांची खाती जिथल्या तिथे राहायला हवीत. त्यासाठी 'क' ने दहापैकी किती सामने जिंकायला हवेत?

सात जिंकले तर कमाई ७ × ०.६ = ४.२. तीन हरले तर तोटा ३ × १.४ = ४.२. हिशेब जुळला! म्हणजे फरक ४ असेल तर हा नियम मनातल्या मनात म्हणतो आहे की वरचढ संघाची जिंकण्याची शक्यता ७० टक्के.

हीच गोष्ट 'क' च्या घरच्या मैदानावर करून पाहा. फरक ७ होतो. विजयाला ०.३, पराभवाला १.७. वीस सामन्यांत सतरा विजय धरले तर १७ × ०.३ = ५.१ आणि ३ × १.७ = ५.१. शक्यता ८५ टक्के. 'ख' च्या घरी फरक फक्त १ उरतो. वीसात अकरा विजय, म्हणजे ५५ टक्के. तपासून पाहा.

या तिन्हींतून एकच सूत्र निघते :

वरचढ संघाची शक्यता (टक्के) = ५० + ५ × फरक

मानांकाचा प्रत्येक एकक म्हणजे पाच टक्के. घरचे मैदान म्हणजे पंधरा टक्के. अगदी तुल्यबळ दोन संघांतही यजमानाची बाजू ६५ टक्के. बरोबरी आणि दीडपटीचा नियम आपण येथे सोडून दिला आहे, त्यामुळे हे सूत्र ढोबळ आहे. पण सामन्याआधी दहा सेकंदांत तोंडी करता येते.

ब्रायटनची संध्याकाळ

आता सूत्राच्या टोकाला जाऊ. फरक १० असेल तर शक्यता येते १०० टक्के. शंभर! येथे थांबून विचार केला पाहिजे.

१९ सप्टेंबर २०१५, इंग्लंडमधले ब्रायटन शहर. विश्वचषकाच्या साखळी सामन्यात दक्षिण आफ्रिका आणि जपान समोरासमोर होते. आफ्रिका दोन वेळची विश्वविजेती. जपानने आधीच्या सर्व विश्वचषकांत मिळून एकच सामना जिंकला होता, तोही १९९१ मध्ये झिंबाब्वेविरुद्ध. दोघांच्या मानांकातला फरक दहाहून अधिक होता. नियमाप्रमाणे आफ्रिका पन्नास गुणांनी जिंकली असती तरी तिच्या खात्यात शून्य जमा झाले असते, कारण १ वजा १ म्हणजे शून्य, आणि शून्याची दीडपट काय, दुप्पट काय, शून्यच. उलट जपान जिंकला तर त्याला १ अधिक १ म्हणजे २, विश्वचषक म्हणून दुप्पट, एकूण ४.

सामन्याची वेळ संपत आली तेव्हा जपान २९–३२ असा मागे होता. पेनल्टी मिळाली. गोलाकडे किक मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती, आणि आफ्रिकेशी बरोबरी हीसुद्धा मोठी बातमी ठरली असती. जपानचा कर्णधार मायकेल लीच याने किक न घेता स्क्रम मागितला. पुढच्या हल्ल्यात कार्न हेस्केथने कोपऱ्यात ट्राय केला. जपान ३४, दक्षिण आफ्रिका ३२.

मग क्रमवारी खोटी ठरली का? नाही. खोटी ठरली ती आपल्या सूत्रातली सरळ रेषा. दहा हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी घातलेली मर्यादा आहे. प्रत्यक्ष खेळात शक्यता शंभरापर्यंत कधीच पोहोचत नाही. बुद्धिबळातली एलो पद्धत येथे जास्त सावध आहे. तिच्यात ४०० गुणांनी पुढे असलेल्या खेळाडूकडूनही साधारण ९१ टक्केच यशाची अपेक्षा धरतात. तिची रेषा वर जाताना वाकत जाते आणि शंभराला कधी टेकत नाही. म्हणून वर्गात माझा नियम असा आहे: सूत्र काहीही सांगो, वहीत ९५ टक्क्यांच्या वर लिहायचे नाही.

शिळा आकडा

दुसरी चूक जास्त साधी आहे आणि मोठमोठ्यांकडून होते. ती म्हणजे जुना आकडा वापरणे.

२०२३ च्या विश्वचषकाचे गट डिसेंबर २०२० मध्ये पॅरिसला सोडत काढून ठरले, आणि त्यासाठी १ जानेवारी २०२० ची क्रमवारी धरली होती. स्पर्धा सुरू झाली सप्टेंबर २०२३ मध्ये. मधल्या काळात बरेच उलटेपालटे झाले होते. सोडतीच्या वेळी पहिल्या चारांत असलेला वेल्स बराच खाली घसरला होता. आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स आणि न्यूझीलंड हे आता पहिले चार होते, आणि चौघेही दोनच गटांत अडकले होते. परिणाम असा की उपांत्यपूर्व फेरीतच ते एकमेकांवर आदळले. लागोपाठ सतरा सामने जिंकून आलेला आयर्लंड तेथे संपला. यजमान फ्रान्स दक्षिण आफ्रिकेकडून २८–२९ असा एका गुणाने हरून बाहेर पडला. पुढे आफ्रिकेने उपांत्य सामना १६–१५ आणि अंतिम सामना १२–११ असा जिंकला. तीन बाद सामने, तिन्ही एकेका गुणाने!

२०२७ च्या स्पर्धेची सोडत ३ डिसेंबर २०२५ रोजी सिडनीत झाली, म्हणजे स्पर्धेच्या बरीच जवळ. धडा घेतला गेला.

मानांक ताजा असला तरी काही गोष्टी त्याला दिसत नाहीत. आज कर्णधार जखमी आहे का, प्रशिक्षकाने मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली आहे का, मागच्या सामन्यानंतर किती दिवस मिळाले, पाऊस आहे का, विसाव्या मिनिटाला कोणाला लाल कार्ड मिळेल का. मानांक संघाच्या नावाशी बांधलेला असतो. मैदानात उतरणाऱ्या पंधरा जणांची त्याला ओळख नसते. म्हणून आधी सूत्राने टक्केवारी काढा, मग या गोष्टी पाहून ती पाच-दहा टक्के वर-खाली करा. हा क्रम उलटा करू नका. आधी आवडीचा संघ ठरवून मग आकडे शोधणारे पुष्कळ आहेत.

अंदाजालाही गुण द्या

"मी म्हणालो होतो ना!" हे वाक्य सामन्यानंतर फार ऐकू येते. त्यावर उपाय सोपा आहे. सामन्याआधी टक्केवारी लिहून ठेवा. तिचा दशांश करा, उदाहरणार्थ ७० टक्के म्हणजे ०.७. तुमचा संघ जिंकला तर १ मधून तो वजा करा, हरला तर तोच आकडा घ्या, आणि वर्ग करा. ही झाली तुमची चूक. जितकी कमी, तितकी चांगली.

समजा दहा सामन्यांत तुम्ही प्रत्येक वेळी ७० टक्के म्हणालात आणि सात वेळा तुमचा संघ जिंकला. सात वेळा चूक ०.०९, तीन वेळा ०.४९. बेरीज २.१, सरासरी ०.२१. शेजारचा कॅडेट काहीच विचार न करता नेहमी ५० म्हणतो. त्याची सरासरी ०.२५. तुम्ही त्याच्यापेक्षा चांगले. तिसरा छाती काढून दर वेळी १०० टक्के म्हणाला. त्याचेही सात बरोबर आले, पण तीन वेळा पूर्ण १ ची चूक. सरासरी ०.३०. संघ तुम्ही आणि त्याने तेच निवडले होते, तरी तो नाणेफेक करणाऱ्याच्याही मागे पडला! त्याचे नुकसान केले ते संघांनी नव्हे, त्याच्या खोट्या खात्रीने.

पालकहो, हा हिशेब घरी टीव्हीसमोर बसूनही करता येतो. पैजेची गरज नाही, वही पुरते.

कॅडेट्सनो, गणवेशातल्या माणसाला आयुष्यभर अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधावे लागतात. समोरच्याची ताकद आकड्यांत मोजावी लागते आणि त्या आकड्याला किती मान द्यायचा हेही ठरवावे लागते. वरचढ असाल तर ब्रायटन आठवा: कागदावरचे शंभर टक्के म्हणजे कालपर्यंतचा इतिहास. दुबळे असाल तर लीचचा स्क्रम आठवा: शक्यता कमी आहे याचा अर्थ ती नाही असा होत नाही.

पुढच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांपैकी कोणतेही दहा निवडा. मानांक पाहा, क्रमवारीचे त्या दिवशी चालू असलेले नियम पाहा, टक्केवारी लिहा, तारीख घाला आणि सामन्यानंतर चूक काढा. वह्या माझ्याकडे आणून द्या. ज्याची सरासरी ०.२५ च्या खाली येईल, त्याने वर्गात उभे राहून आपला हिशेब फळ्यावर समजावून सांगायचा.