दीड मिनिट थांबवणारी ओळ

बुटीबोरीहून नागपूरपर्यंत बसमध्ये सीपीयू मांडीवर घेऊन गेलो होतो. दुकानातल्या माणसाने आधी तपासणीचे पाचशे घेतले, मशीन एकदा चालू करून बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, डिस्क गेली. नवी टाका." स्क्रीनवर तेव्हा ओळ होती : अमुक यूयूआयडीच्या (पार्टिशनच्या ओळख नंबराच्या) डिस्कची वाट पाहतोय, मर्यादा 1 मिनिट 30 सेकंद. मी बोट दाखवलं. तो वाचायलाही वाकला नाही. "लिनक्सचं असंच असते. विंडोज टाकून घ्या." या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपची चलनं, ड्रॉइंग सगळं उबुंटूवर. शेजारी डेबियन टाकलं, तेव्हापासून उबुंटू रडत उघडायचं. डिस्क जुनी, म्हणून मलाही क्षणभर त्याचं खरं वाटलं.

रात्री घरी डेबियनमधून 'सुडो ब्लकआयडी' चालवलं, आलेले नंबर कागदावर उतरवले आणि उबुंटूची एफएसटॅब फाइल उघडून एकेक अक्षर ताडून पाहिलं. रूट जुळला. ईएफआय जुळला. स्वॅपच्या पहिल्याच अक्षरावर पेन्सिल थांबली. डेबियनच्या इन्स्टॉलरने जुनं स्वॅप पार्टिशन स्वतःसाठी घेऊन फॉरमॅट केलं होतं. फॉरमॅट झालं की यूयूआयडी बदलतो. उबुंटू मात्र दर वेळी जुन्याच नंबरची दीड मिनिट वाट बघत बसायचं. डिस्कचा काही दोष नव्हता. स्मार्टसीटीएलने तपासलं, एकही सेक्टर खराब नाही.

म्हणून दुसरं लिनक्स टाकताना पार्टिशनची यादी येते, तिथे जुन्या स्वॅपवर 'वापरू नका' हा पर्याय निवडा. चूक होऊन गेली असेल तर एफएसटॅबमध्ये नवा नंबर लिहा. हायबरनेट वापरत असाल तर रिझ्यूमच्या फाइलमध्येही तोच घाला आणि 'अपडेट-इनिटरामएफएस' चालवा. हे बरेच जण विसरतात. होम दोघांत एकच ठेवू नका. नव्या फायरफॉक्सने उघडलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स उघडायला नकार देतो. फायलींसाठी वेगळं पार्टिशन करा, ते दोन्हीकडे जोडा. बूट मेन्यूत दुसरी सिस्टीम दिसत नसेल तर ती पुसली गेली असं समजू नका. 2021 मध्ये आलेल्या ग्रब 2.06 पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये तो चालू करून 'अपडेट-ग्रब' द्या. बॅकअप तर घ्याच. आणि डिस्क गेली म्हणणाऱ्याला आधी स्मार्ट रिपोर्ट दाखवायला सांगा.

एफएसटॅबमध्ये नवा नंबर लिहून सकाळी त्या दुकानात फोन केला, कारण सांगितलं. "चालू झालं ना? मग झालं," म्हणाला आणि फोन ठेवला. तीच डिस्क आहे, उबुंटूही तेच, आता चहा गाळून होईपर्यंत लॉगिन समोर असतं.